घरच्या व्हिडिओंच्या डीव्हीडी : विकतचा कन्व्हर्टर, यूएसबी रायटर आणि मागे पडणारा आवाज (काही महिने वापरल्यानंतर)

आधी निकाल सांगतो, व्हिडिओची डीव्हीडी करून देणारं हे सॉफ्टवेअर, म्हणजे हा कन्व्हर्टर, पैसे देऊन घेऊ नका. नाव लिहीत नाही कारण रिफंडचं भांडण अजून चालू आहे, पण "लाइफटाइम लायसन्स, एका क्लिकमध्ये डीव्हीडी" अशी जाहिरात करणारे जे चार-पाच आहेत त्यातलाच एक. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, ते परत लिहीत बसत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, आवाज मागे पडतो. मेनू छान, टेम्प्लेट भरपूर, स्पीड पण चांगला, सगळं मान्य. पण तासाभराच्या व्हिडिओत शेवटाकडे ओठ आधी हलत असतील आणि शब्द तीन-साडेतीन सेकंदांनी येत असतील तर त्या टेम्प्लेटचं काय लोणचं घालायचंय?

आजकाल डीव्हीडी कोण बनवतं असं विचाराल तर आमच्याकडे लागते. अक्कलकोटला मामा-मामी आहेत, त्यांना मोबाइलवर बारीक दिसत नाही, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर फोनचे नवे व्हिडिओ उघडतच नाहीत कारण ते एचइव्हीसी नावाच्या नव्या फॉरमॅटमध्ये असतात, आणि डीव्हीडी प्लेअरचा रिमोट मात्र मामांना पाठ आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळं त्यांना डिस्कवरच लागतं. त्यासाठी मी डिस्क लिहायला एक बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर घेतला आणि त्याच्यासोबत हा कन्व्हर्टर.

जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली. मामांना गुडघ्यामुळे यंदा येता आलं नाही म्हणून मी अक्षता सोहळा सलग तासभर फोनवर घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह असतो, संमती कट्ट्यावर सातही नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) उभे, बाराबंदीतली माणसं, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणलं की सगळ्या बाजूंनी अक्षता पडतात. या क्षणाला शब्द आणि अक्षता एकदम पाहिजेत. डीव्हीडीवर काय झालं, अक्षता उडाल्या, लोकांच्या डोक्यावर पडल्या, हात खाली आले, आणि मग "सत्यम" ऐकू आलं. मामा म्हणाले, "अरे, आवाज मागनं यायलाय बघ, अक्षता तर पडून गेल्या की." मला फार वाईट वाटलं, कारण ते हात जोडून बसले होते टीव्हीसमोर.

मग कंपनीशी भांडण. चॅटवर आधी म्हणले ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, केला. मग म्हणले सॉफ्टवेअर काढून परत टाका, टाकलं. मग म्हणले तुमची मूळ फाइल करप्ट आहे, "कृपया पुन्हा रेकॉर्ड करा". अक्षता सोहळा वर्षातून एकदा असतो, पुन्हा कुठून रेकॉर्ड करू? आणि फाइल करप्ट असती तर व्हीएलसी प्लेअरमध्ये शेवटपर्यंत ओठाला आवाज जुळून चालली असती का? हे लिहून पाठवलं तर उत्तर आलं की प्रो व्हर्जनमध्ये सिंकची, म्हणजे चित्र-आवाज जुळवायची सोय आहे, वर पैसे भरा. म्हणजे जी गोष्ट मुळात बरोबर व्हायला पाहिजे तीच वेगळी विकतात. तिथून माझं डोकं फिरलं आणि मी स्वतः शोधायला बसलो.

कारण समजून घ्या कारण हे तुमच्याही फोनबरोबर होणार. मीडियाइन्फो नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाका आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मोड बघा. तिथं "व्हेरिएबल" लिहिलं असेल तर गोम तिथंच. फोन दर सेकंदाला बरोबर ३० चित्रं घेत नाही, कमी-जास्त होतं, मंगल कार्यालयात उजेड कमी असला की अजून घसरतो, पण प्रत्येक चित्रावर ते कधी घेतलं ती वेळ लिहून ठेवतो. चांगलं सॉफ्टवेअर ती वेळ वाचतं. माझ्या कन्व्हर्टरने नुसती चित्रं मोजली आणि सरसकट ३० धरून पुढं गेला. आवाज मात्र घड्याळाप्रमाणे चालतो. आता गणित बघा, खरा वेग सरासरी २९.९७ असेल आणि तुम्ही ३० धरला तर फरक हजारात एक, ऐकायला काहीच नाही, पण तासाला ३.६ सेकंद होतात. चित्र लवकर संपतं, आवाज मागे राहतो. मला जे दिसत होतं ते अगदी हेच. पहिली दहा मिनिटं बघून कुणालाच कळत नाही, म्हणून या कन्व्हर्टरला पाच स्टार देणारे खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांनी पाच मिनिटांच्या क्लिप केल्या असतील.

काहीजण सांगतात की प्लेअरमध्ये ऑडिओ डिले सेट करा. त्याने होत नाही. फरक ठरावीक असेल, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्धा सेकंद, तर डिले चालतो. वाढत जाणाऱ्या फरकाला सुरुवातीला जुळवलं की शेवट बिघडतो आणि शेवट जुळवला की सुरुवात.

उपाय फुकटात झाला. आधी हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घ्यायची, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट २५ निवडून खाली "कॉन्स्टंट" करायचं, क्वालिटी जरा वरची ठेवायची, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, तो एमपी४ देतो, पण ती एमपी४ आता एकसारख्या वेगाची असते. मग ती डीव्हीडीस्टायलरमध्ये टाकायची, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ चित्रं) निवडायचं, तो डीव्हीडीच्या एमपेग-२ फॉरमॅटमध्ये ७२० बाय ५७६ ला बदलून मेनूसकट आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल बनवून देतो. ज्यांना काळ्या खिडकीत टाइप करायची भीती नाही त्यांनी सरळ एफएफएमपेग वापरा, त्यात टार्गेट पाल-डीव्हीडी दिलं की साइज, फ्रेम रेट, एसी-३ ऑडिओ, ४८ किलोहर्ट्झ सगळं आपोआप लागतं. अक्षतांची फाइल अशी काढली तेव्हा "सत्यम" आणि अक्षता एकाच वेळी. दोन-अडीच हजार रुपये देऊन जे मिळालं नाही ते फुकटच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये मिळालं, याचा आनंद फार मोठा आहे.

सिंक तपासायचा तर कशावर तपासायचा हेही सांगतो. बोलणाऱ्याच्या ओठांवर पटकन कळत नाही. हलगीवर तपासा. मिरवणुकीत हलगीवाला जवळून घेतलेला असतोच, काडी चामड्यावर पडते तिथं पॉज करून पुढं सोडायचं, एक जागा सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची. पण शोभेच्या दारूकामावर चुकूनही तपासू नका. तिथं उजेड आधी दिसतो आणि आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, त्यामुळे तुम्ही तीन-चारशे मीटर लांब उभे असाल तर खऱ्यातच सेकंदभर उशीर असतो. ते "दुरुस्त" करायला गेलात तर बाकी सगळं बिघडेल.

आता मत बदललेल्या गोष्टी. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी मी सगळ्यांना पालच करा म्हणून सांगत होतो कारण आपल्याकडे पाल चालतं. पण ३० चं २५ करताना काही चित्रं गाळावी लागतात, त्यामुळे कॅमेरा हळू फिरवला की चित्र अडखळतं. नंदीध्वज खालून टोकापर्यंत दाखवला आहे तिथं ते फार जाणवतं. मग फोनच्या व्हिडिओची एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्हीची पद्धत) डिस्क करून बघितली, २९.९७ आणि ७२० बाय ४८०. रेषा कमी होतात पण हालचाल गुळगुळीत, आणि आमच्या तीनही घरातले प्लेअर ती डिस्क न कुरकुरता चालवतात. तर आता माझ्याकडे फोनचं एनटीएससी, जुन्या टेपचं पाल. तुमचा प्लेअर दोन्ही घेतो का ते एका डिस्कवर आधी बघा.

जुन्या टेपवरून आठवलं. आमच्याकडे पप्पांच्या मिनीडीव्हीच्या टेप आहेत, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या, घरातल्या लग्नांच्या. त्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथं फ्रेम रेट बरोबर असतो, २५, पण बऱ्याच कॅमेऱ्यांवर आवाज १२ बिट ३२ किलोहर्ट्झवर ठेवलेला असायचा, डीव्हीडीला ४८ लागतो, तो नीट बदलून घ्यायचा. आणि दुसरं म्हणजे डीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांचं (फील्डचं) बनलेलं, त्यात खालची फील्ड आधी येते. सॉफ्टवेअरने वरची आधी धरली तर स्थिर माणूस चांगला दिसतो आणि चालणारा माणूस थरथरतो. रथ ओढणारी माणसं सगळी थरथरत असतील तर टेप खराब झाली समजू नका, फील्ड ऑर्डर "बॉटम फर्स्ट" करा, लगेच शांत होतं.

क्वालिटीबद्दल एकच हिशोब लक्षात ठेवा. डिस्क ४.७ जीबीची, विंडोजमध्ये ४.३७ दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. दोन तास बसवायचे तर चित्र-आवाज मिळून सेकंदाला ५.२ मेगाबिटच्या आसपास मिळतात. त्यात तुम्ही आवाज एलपीसीएम (न दाबलेला) ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो, दोन तासात जवळजवळ १.४ जीबी गेले. दाबलेल्या एसी-३ ला १९२ किलोबिट पुरतात, उरलेलं सगळं चित्राला. घरच्या व्हिडिओला एलपीसीएमची काही गरज नाही. आणि तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबू नका, मुंडावळ्यांच्या जागी चौकोन दिसतात. दोन डिस्क करा, डिस्क काही सोन्याची नाही.

रायटरला मी सुरुवातीला दोन स्टार देणार होतो. डिस्क घरी चालायची, मामांकडे मधेच अडकायची. सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो तर त्यांनी बघायचेच तीनशे मागितले, मी परत आणला. मग नव्या पेठेतल्या एका दुकानदाराने सांगितलं की मालक, सुट्टी डिस्क घेऊ नका आणि फुल स्पीडला लिहू नका. कंपनीच्या पॅक डिस्क घेतल्या, डीव्हीडी-आर, इमजबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४एक्स स्पीडला लिहिलं आणि व्हेरिफाय (लिहिलेलं तपासणं) चालू ठेवलं. तेव्हापासून मामांचा जुना प्लेअर पण गप चालतो. शिवाय रायटरची वायर हबमध्ये न लावता सरळ लॅपटॉपला, दोन यूएसबी पिनांची वायर असेल तर दोन्ही लावायच्या, करंट कमी पडला की लिहिताना मधेच सोडून देतो. लॅपटॉपवर चालतो याचा अजून एक फायदा, लाइट गेली तरी डिस्क वाया जात नाही. तर रायटर आता चार स्टार.

एक सोलापुरातल्यांसाठी. एप्रिल-मेमध्ये दुपारी कन्व्हर्जन लावू नका. बाहेर बेचाळीस डिग्री, लॅपटॉप तापून स्वतःच स्पीड कमी करतो आणि तासाचं काम तीन तास चालतं. रात्री जेवण झाल्यावर लावा, खालून हवा जाईल असा ठेवा, गादीवर नको, सकाळी आयएसओ तयार असते.

कन्व्हर्टरला एक स्टार, तोही मेनूच्या फॉन्टमध्ये मराठी नीट उमटतं म्हणून. रिफंडसाठी मी त्यांना मीडियाइन्फोचा स्क्रीनशॉट, मूळ क्लिपचा हलगीचा तुकडा आणि त्यांच्याच सॉफ्टवेअरने काढलेला तोच तुकडा, तिन्ही पाठवलेत. "टेक्निकल टीम बघते आहे" असं उत्तर आहे. पैसे आले तर इथंच खाली लिहीन, नाही आले तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकणार आहे. आणि मामांसाठी दारूकामाची डिस्क अजून करायची राहिली आहे, ती या शनिवारी रात्री लावतो.