हेडफोन की इअरप्लग?
पुतण्या ऑटिस्टिक. मोकळ्या हॉलमधल्या ऑफिसातला कलकलाट त्याला सोसवत नाही. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावा की फोमचे इअरप्लग, असं वहिनी विचारत होत्या.

खर्चाचं सोपं आहे: प्लग काही रुपयांत, बरा हेडफोन हजारांत. खरा फरक आवाजाच्या जातीत. हेडफोन एसीची एकसुरी घरघर छान गिळतो, शेजारच्या गप्पा मात्र झिरपतातच. तिथे फोम सरस; पण बोटांत नीट वळून बारीक करून, कान वर ओढून आत बसवला तरच. काहींना कानात काही घातलेलं खपतच नाही. हेडफोनखाली कान घामेजतात, चार्जिंगही आलंच. पण तो दिसतो, म्हणून लोक उगाच हाका मारत नाहीत.

घरघरीने वैतागणाऱ्याला हेडफोन, गप्पांनी विचलित होणाऱ्याला फोम. स्पर्शच नकोसा असेल तर कोपऱ्यातली जागा मागावी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, संकोच कशाला?