दाखवले एक, लावले दुसरेच: केसांच्या एक्स्टेन्शनमध्ये झालेली माझी फसवणूक

ज्या बटेचा केस माझ्यासमोर जाळून दाखवला, त्या बटेतला एकही केस माझ्या डोक्यावर लागला नाही, हे समजायला मला दीड महिना लागला. तोवर साडेआठ हजार रुपये गेले होते आणि दोन्ही कानशिलांवरचे माझे स्वतःचे केसही गेले होते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल आणि आमच्या भागातल्या कितीतरी मुली तालुक्याच्या गावी जाऊन असेच एक्स्टेन्शन, म्हणजे आपल्या केसांना वरून जोडायचे केस, लावून घेतील, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मला टायफॉइड झाला आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी केस इतके गळू लागले, की कापूस वेचून आल्यावर डोक्याचा रुमाल सोडला तरी त्यात पुंजका निघत असे. शेपटा बोटाएवढा बारीक झाला. वैशाखात धाकट्या भावाचे लग्न होते, मी करवली होते आणि चार लोकांत असा उघडा पडलेला भांग घेऊन वावरायचे माझ्या जिवावर आले होते.

म्हणून मी तालुक्याच्या गावातल्या एका पार्लरमध्ये एक्स्टेन्शन लावून घ्यायला गेले. तिथल्या बाईंनी केसांची मोहोरबंद पाकिटे टेबलावर मांडली आणि सुट्या ठेवलेल्या एका बटेतून केस उपटून त्याला काडी लावली. कोंबडी भाजताना पिसांचा येतो तसा वास आला, केस आक्रसला आणि बोटांत चुरल्यावर त्याची राख झाली. “पाहा ताई, प्लास्टिक असतं तं असं जळलं नसतं. हे तिरुपतीचे केस हायेत, एकदम रेमी. तुमच्या केसाले काईच नाई होत,” असे त्या म्हणाल्या. खऱ्या केसाची परीक्षा अशीच करतात हे मला ठाऊक होते, त्यामुळे विश्वास बसला. पाकीट फोडून त्यातलाच केस जाळा, एवढे म्हणण्याचे मला सुचले नाही आणि माझी पहिली चूक तीच झाली.

रेमी हा शब्द आता सगळीकडे सर्रास वापरला जातो, म्हणून त्याचा अर्थ सांगते. केसाच्या वरच्या आवरणावर माशासारखे बारीक खवले असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे झुकलेले असतात. एकाच डोक्यावरून एकदम उतरवलेले केस मूळ एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला ठेवून जुडीत बांधले, तर सगळे खवले एका दिशेने राहतात आणि केस एकमेकांत अडकत नाहीत. त्यांना रेमी म्हणतात. आपल्या गावांत फेरीवाले भांडी किंवा फुगे देऊन जे गुंतवळ नेतात, त्यात मुळे आणि टोके एकमेकांत मिसळलेली असतात. अशा केसांचे खवले आम्लात झिजवून वर सिलिकॉनचा लेप देण्याची रीत आहे. त्यामुळे दुकानात ते रेशमासारखे लागतात आणि चार धुण्यांत लेप उतरला की त्यांच्या जटा होतात. चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे ओढली तर खरा केस गुळगुळीत लागतो आणि उलट ओढली तर किंचित खरखरतो. दोन्हीकडून सारखाच निसरडा लागला, तर वर लेप आहे असा संशय धरावा.

केराटिनने, म्हणजे गरम करून केस जोडण्याच्या पदार्थाने, लावते असे पार्लरवाल्या बाईंनी सांगितले होते. प्रत्यक्षात, एका पट्टीला शिवलेली केसांची झालर काळ्या, चिकट, बाटलीतल्या पातळ द्रवाने माझ्या मुळांशी चिकटवली गेली आणि पाऊण तासात मी बाहेर पडले. केराटिनच्या पद्धतीत लहान लहान बटा तापवलेल्या चिमट्याने एकेक करून, टाळूपासून थोडे अंतर सोडून जोडतात आणि त्याला काही तास लागतात. पाऊण तासातच मला शंका यायला हवी होती. तो द्रव आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहायला हवी, हेही कोणी सुचवले नाही.

लग्नाचा दिवस छान गेला, हे मी नाकारत नाही. पण रात्री उशीवर डोके टेकवत नव्हते, इतकी मुळे ठणकत होती. फोन केला, तर दोन-चार दिवसांत सवय होते, असे उत्तर मिळाले. वैशाखातले आमचे ऊन, त्यात घाम, आणि त्या पट्टीखाली तो तसाच मुरत राहिला. दुसऱ्या आठवड्यात कानांच्या वरच्या बाजूला, केसांच्या कडेला, बारीक पुटकुळ्या उठल्या. तिसऱ्यांदा डोके धुतल्यावर झालरीच्या अशा गाठी झाल्या की फणी जाईना. तेव्हा चुलीजवळ बसून मी त्यातले चार केस कापले आणि एकेकाला काडी लावली. दोन केसांची राख झाली. दोन मात्र वितळून मोहरीएवढी कडक काळी गोळी झाले आणि पिशवी जळाल्यासारखा वास आला. म्हणजे खऱ्या केसांत कृत्रिम धागा मिसळलेला होता.

काढायला गेले तेव्हा त्याचे वेगळे पंधराशे मागितले. पैसे घेऊन खोबरेल तेल चोळले आणि पट्टी ओढली. चिकटवण्याचा जो पदार्थ असेल त्याला विरघळवणारा द्रव वेगळा असतो, तो त्यांच्याकडे नव्हताच. पट्टीच्या मागच्या काळ्या थरात माझे केस मुळांसकट, पांढऱ्या टोकांसह रुतलेले होते आणि त्यांत बोटभर लांबीचे, जावळासारखे मऊ असे नवे केसही होते. ते पाहून मला रडू आवरले नाही.

यवतमाळला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितले, की सततच्या ताणाने केस जाण्याचा हा प्रकार आहे आणि त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. ताण वेळेत थांबला तर केस बहुधा परत येतात, पण तो वर्षानुवर्षे चालू राहिला तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला जास्त लागली. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुतेकदा आपोआप थांबते आणि काही महिन्यांत केस भरून येतात. माझे तसे येतच होते, पट्टीसोबत उपटले गेले ते तेच.

माझी आजी सणावारी गंगावन लावत असे. ते वेणीत गुंफलेले असे आणि रात्री निजताना खुंटीवर टांगलेले असे. केसांना विसावा मिळत असे. आज कोणी मला विचारले तर मी क्लिपचे एक्स्टेन्शन सुचवते: वजनाने हलके, भांगाच्या आणि कानशिलाच्या नाजूक केसांपासून दूर लावायचे आणि झोपण्यापूर्वी काढायचे. ज्यांना कायम लावायचेच आहे त्यांनी आधी एकच प्रश्न विचारावा, की हे काढणार कशाने, किती दिवसांनी आणि किती पैशांत. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, तसा जोड टाळूपासून खाली सरकतो आणि त्याचा भार मुळावर वेगळ्या तऱ्हेने पडू लागतो. म्हणूनच टेपचे, म्हणजे चिकटपट्टीने लावायचे, एक्स्टेन्शन 6 ते 8 आठवड्यांत काढून नव्याने बसवावे लागते. पहिल्याच रात्री दुखले तर सवयीची वाट न पाहता ते उतरवून घ्यावे. आणि आजारातून किंवा बाळंतपणातून नुकते उठलेल्या बाईने तर यात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला पक्के बिल दिले नव्हते. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर “8,500 मिळाले” एवढेच लिहून दिले होते. केसांचा प्रकार, ग्रॅममध्ये वजन आणि लावण्याची पद्धत बिलावर लिहून मागितली असती, तर पुढची धावपळ वाचली असती. फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद मात्र होती. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी आधी विचारून घेतले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. ती नोंद, डॉक्टरांची चिठ्ठी, टाळूचे तारीखवार फोटो आणि ते कार्ड जोडून मी तक्रार दिली आहे. झालर फेकून दे असे घरचे म्हणत होते, पण ती पट्टीसकट एका पिशवीत बांधून ठेवली आहे. आयोगासमोर बोलावणे आले, की त्यातलेच केस तिथे जाळून दाखवण्याची परवानगी मी मागणार आहे.