एकट्याने निवांत बाईक राइड: ताम्हिणीतून श्रीवर्धन की भोर-वाईवरून बामणोली?

पुण्यातून एकट्यानेच गाडी काढायची, हायवे शक्यतो टाळायचा, कुठे अमुक वाजता पोचायचंय असलं काही नाही, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न हमखास हाच येतो, कोकण की सातारा. दोन्हीकडे जाऊन आलेले लोक दोन्हीचं कौतुकच करतात, त्यामुळे विचारणारा होता तिथेच राहतो. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात दोनच दिवस असतील तर भोर, मांढरदेवी, वाई आणि पुढे साताऱ्यावरून बामणोली. तीन किंवा जास्त दिवस असतील आणि तेही शनिवार-रविवार सोडून, तर ताम्हिणीतून श्रीवर्धन आणि जमलं तर खाडी ओलांडून हर्णै-दापोली. किलोमीटरमध्ये फार फरक नाहीये, फरक आहे तो गाडी चालवताना डोकं किती मोकळं राहतं यात.

ताम्हिणी सुंदर आहे यात वादच नाही, पण ते सौंदर्य थांबल्यावर दिसतं, चालवताना नाही. दोन्ही बाजूंनी झाडी, पुढचं वळण दिसत नाही, वळणावर समोरून एसटी आपल्याच लेनमध्ये आलेली, सावलीत पडलेल्या पानांखाली खड्डा आहे की नाही ते कळत नाही, त्यामुळे नजर रस्त्यावरून हटवता येत नाही. दुकट्याने गेलो तर मागचा माणूस बघून सांगतो तरी, एकटा असलो की तासाभराने खांदे आखडलेले असतात. बरं, घाटाआधीचा भागही काही निवांत नाही, चांदणी चौक ते पिरंगुट सकाळी सातच्या आत मागे टाकलं नाही तर कंपन्यांच्या बस आणि डंपर यांच्या मधूनच वाट काढायची. पौड गेलं की मात्र बरं वाटायला लागतं, मुळशीचं पाणी दिसायला लागतं. (या धरणाविरुद्ध १९२१ ला मुळशी सत्याग्रह झाला, बापटांना सेनापती म्हणायला लागले ते इथूनच, त्यामुळे इथे नुसते फोटो काढून निघू नये असं मला उगाच वाटतं.) घाट उतरलं की विळे, निजामपूर, आणि मग माणगाव, जिथे मुंबई-गोवा हायवे लागतो आणि सुट्टीच्या दिवशी बाजारपेठेतला जॅम सगळा मूड घालवतो. पुणे ते श्रीवर्धन साधारण १६० किमी, पण चहा-नाश्ता धरून सहा तास सहज धरा.

मग कोकणात जायचंच कशाला? तर श्रीवर्धन ते दिवेआगर या रस्त्यासाठी. शेखाडी, आरावी करत जाणारा हा रस्ता कित्येक ठिकाणी समुद्राला अगदी चिकटून जातो, मध्ये फक्त खडक. इथे एक साधी गोष्ट कोणी सांगत नाही, दिवेआगरहून श्रीवर्धनला येताना समुद्र उजवीकडे असतो म्हणजे प्रत्येक वेळी थांबायचं तर समोरची लेन ओलांडायची, तेच श्रीवर्धनहून दिवेआगरला जाताना समुद्र डावीकडे आपल्याच बाजूला, गाडी कडेला घेतली की झालं. म्हणून मुक्काम श्रीवर्धनला करायचा, सामान रूमवर टाकायचं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला रिकाम्या गाडीवर दिवेआगरकडे निघायचं. या एका पट्ट्यात ताम्हिणीचा सगळा शिणवटा वसूल होतो.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याची फेरीबोट. ही बाणकोटच्या खाडीतून, म्हणजे सावित्रीच्या मुखातून पलीकडे वेसवीला नेते, दहा-पंधरा मिनिटांचा मामला. बोटीचा लोखंडी रॅम्प ओला आणि शेवाळलेला असतो, त्यामुळे फर्स्ट गिअरमध्ये सरळ चढायचं, हँडल वळवायचं नाही, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. आत गेल्यावर साइड स्टँडवर लावून गिअरमध्येच ठेवायची आणि फोटोच्या नादात गाडी सोडून लांब जायचं नाही. पलीकडे बाणकोटचा किल्ला, फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णैचा मासळीचा लिलाव. हे सगळं दोन दिवसांत कोंबलं तर निवांतपणा गेला, नुसती धावपळ उरते.

आता भोरची बाजू. सुरुवात कंटाळवाणी आहे हे मान्य, कापूरहोळपर्यंत सातारा हायवेच, डावी लेन धरून गुमान जायचं. पण भोरकडे वळलं की पाचच मिनिटांत आवाज कमी होतो. भोरनंतर आंबाडे आणि मग मांढरदेवीचा घाट. हा घाटही वळणांचाच आहे, पण डोंगर बोडके, त्यामुळे दोन वळणं पुढची गाडीसुद्धा दिसते. फरक इथेच पडतो! ब्रेक-क्लचवरचं लक्ष थोडं सुटतं आणि माणूस आजूबाजूला बघायला लागतो. वर पोचलात की पलीकडे वाईचं खोरं, पांडवगड, लांबवर धोमचं पाणी. मंगळवार, शुक्रवार आणि अमावस्या-पौर्णिमेला काळूबाईची गर्दी असते, आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास तर या रस्त्याला जाऊच नका.

वाईत घाटावर बसायचं, ढोल्या गणपती बघायचा, आणि मग तीन किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट, घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली भली मोठी पोर्तुगीज घंटा. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मिळालेल्या घंटांपैकी ही एक, नीट बघितलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते, कृष्णेच्या घाटावर! गंमत म्हणजे नानांचं मूळ गाव कोकणातलं वेळास, वर आलं ते कासवांचंच. म्हणजे नानांचं निमित्त काढून निघालात तरी कोकण की सातारा हा प्रश्न काही सुटत नाही.

वाई ते सातारा हायवेने पाऊण-एक तास. मुक्काम साताऱ्यात, आणि पहाटे यवतेश्वर घाट चढून कास, बामणोली, साधारण ३५ किमी. एकट्याने चालवायला यासारखा रस्ता मला तरी माहीत नाही, पठारावर आलं की एका बाजूला उरमोडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला कण्हेरचं, आणि वारा इतका की हलकी गाडी जरा ढकलली जाते. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर सुरुवात, पठारावर जायला ऑनलाइन बुकिंग लागतं आणि सुट्टीला गाड्यांची रांग लागते. मला विचाराल तर निवांत राइडसाठी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, फुलं नसतात पण रस्ता आपला असतो. बामणोलीला कोयनेचा शिवसागर, बोटी, पिठलं-भाकरी, बास. परत येईपर्यंत पंप मिळेल या भरवशावर राहू नका, टाकी साताऱ्यातच फुल करा. तसंच ताम्हिणीला पिरंगुट-पौडलाच, कारण घाटात रेंजही जाते.

राहण्याचं एक बोलून घेऊ, कारण एकट्याला याचाच जास्त त्रास. किनाऱ्यावर बरेच होमस्टेवाले शनिवार-रविवारी एकट्याला रूम द्यायला का-कू करतात, "फॅमिली आहे का?" हा पहिला प्रश्न, आणि दिली तरी भाडं पूर्ण रूमचं. मधल्या वारी तेच लोक प्रेमाने ठेवून घेतात, फक्त जेवणाचं सकाळीच सांगून ठेवायचं, शाकाहारी की मासे ते पण, ऐनवेळी नऊला जाऊन सुरमई थाळी मागाल तर मिळणार नाही. सातारा-वाईत लॉज भरपूर, एकट्याला कोणी काही विचारत नाही, आधार कार्ड द्या, किल्ली घ्या. एकटी निघालेली बाई असेल तर याच कारणासाठी मी साताऱ्याची बाजू आधी सुचवेन, शिवाय हायवे जवळ असल्याने गाडी बंद पडली तरी मदत लवकर मिळते.

अंधार पडल्यावर मात्र दोन्हीकडे गाडी चालवू नका. साताऱ्याकडे नोव्हेंबरपासून उसाचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेला ऊस थेट हेल्मेटच्या उंचीला. कोकणात रात्री वळणावर बसलेली गुरं. पावसाळ्यात तर माझी साफ ना आहे, ताम्हिणीत दरडी पडतात, धबधब्यांवर मनाई आदेश निघतात, आणि जांभ्याची लाल माती डांबरावर वाहून आली की डिस्क ब्रेक असो नाहीतर एबीएस, गाडी सरकतेच.

गाडीचं म्हणाल तर शंभर सीसीची स्प्लेंडर दोन्हीकडे पुरते, फक्त ट्यूबचे टायर असतील तर कोकणात पंक्चरवाला लांब असतो हे धरून चाला.

आणि चार-पाच दिवस सुट्टी असेल तर दोन्ही जोडता येतं, ताम्हिणीने उतरायचं, दापोली करून मंडणगडवरून महाड, वरंधा घाटाने नीरा-देवघरच्या पाण्याशेजारून भोर, आणि तिथून वाई. फक्त वरंधा गेली काही वर्षं पावसाळ्यात बंद ठेवतात, नंतरही कधीकधी काम निघतं, आणि मॅपवर बंद रस्ताही खुशाल चालू दिसतो, तेव्हा महाडला पेट्रोल भरताना पंपावर विचारूनच बिरवाडीकडे वळा.