ओएलईडी की मिनी-एलईडी? आमच्याकडे निकाल नानांनी लावला

मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्यावर, 2025 च्या दिवाळीत, ताईने 55 इंची ओएलईडी घेतला. मी गुढीपाडव्यापर्यंत थांबलो आणि तेवढाच मिनी-एलईडी आणला. नाना थोडे दिवस तिच्याकडे, थोडे आमच्याकडे असतात. त्यामुळे दोन्ही टीव्हींची परीक्षा त्यांनीच घेतली.

4के, म्हणजे चित्रात जास्त बारीक ठिपके, आहे का, या प्रश्नात अडकू नका. या आकारात बहुतेक सगळे 4केच. सोफा दहा फुटांवर असेल तर ते जादा ठिपके डोळ्याला फारसे जाणवतही नाहीत. एसडी, म्हणजे कमी ठिपक्यांच्या जुन्या पद्धतीच्या, चॅनेलवर तर दोन्ही टीव्ही सारखेच केविलवाणे. 720 बाय 576 चं चित्र, म्हणजे एका ठिपक्याचे वीस करायचे! खरा 4के बघायचा तर नेटफ्लिक्सचा सगळ्यात महागडा प्लॅन आणि किमान 15 एमबीपीएसचं नेट हवं, तो खर्च आधीच धरा.

रात्री दिवे मालवून ताईचा टीव्ही बघितला की मात्र माझी बोलती बंद होते. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे काळाच. माझ्या मिनी-एलईडीत पडद्यामागचे बारीक दिवे गटागटाने उजळतात-विझतात, म्हणून अंधाऱ्या प्रसंगात पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं. खोटं कशाला बोलू, ते खुपतं.

पण नाना रात्री सिनेमे बघत नाहीत. ते सकाळी सात ते अकरा बातम्या बघतात. कोपऱ्यात लोगो, खाली पट्टी, मध्ये आठ चौकटींत आठ जण भांडतायत. चित्र असं एका जागी थांबलं की पडद्यावर कायमचा डाग पडू नये म्हणून ओएलईडी आपणहून उजेड कमी करतो. आणि तोही इतका सावकाश की पत्ता लागत नाही. नानांनी आधी चष्मा पुसला. मग उजेड यावा म्हणून गॅलरीचा पडदा सरकवला, तर वाळत घातलेली साडीच टीव्हीत दिसायला लागली. तेवढ्यात जाहिरात लागली आणि टीव्ही लख्ख!

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं की काय गं?"

ताईने सगळी सेटिंग पालथी घातली. तिच्या मॉडेलमध्ये तरी हे आपोआप मंद होणं बंद करायची सोय सापडली नाही. आमच्याकडे भर दुपारी, गॅलरी उघडी असताना, नाना बिनतक्रार बघतात.

प्रत्येक ओएलईडी असाच वागेल असं नाही. दोघंच असाल, बहुतेक रात्रीच बघणार असाल, तर खुशाल ओएलईडी घ्या. तेव्हा मला थोडा हेवाच वाटेल. दिवसभर टीव्ही चालू असणारं घर असेल तर मी काय म्हणणार ते कळलंच असेल. फक्त शोरूममध्ये ते फुलांचे आणि धबधब्यांचे व्हिडिओ बघू नका. बातम्या लावायला सांगा आणि दहा मिनिटं तिथेच उभे राहा.