‘हॅल्स्टन’: उरेब बेतलेले कापड आणि विकलेले नाव

कापडाचा उभा धागा आणि आडवा धागा यांच्या मधून, तिरक्या दिशेने बेतलेले कापड म्हणजे उरेब. ते अंगावर ताठ उभे राहत नाही. ते ताणले जाते, ओघळते आणि शरीराच्या वळणावर आपोआप बसते. शिवणवर्गात आम्हांला उरेब पट्टी कापायला शिकवली ती गळ्याच्या आणि मुंढ्याच्या कडांना लावण्यापुरती. अख्खा पोशाख उरेब बेतायचे धाडस कोणी करत नसे, कारण त्यात कापड फार जाते आणि घेर काही दिवसांत लोंबून खालीवर होतो. अमेरिकन फॅशन डिझायनर रॉय हॅल्स्टन फ्रोविक (१९३२–१९९०) यांनी १९७०च्या दशकात नेमके तेच केले. एकाच अखंड कापडातून, अगदी मोजक्या शिवणींनी उतरणारे त्यांचे पोशाख आजही शिवणाऱ्याला कोड्यात टाकतात. त्यांच्या आयुष्यावर बेतलेली ‘हॅल्स्टन’ ही नेटफ्लिक्सवरची पाच भागांची मालिका (२०२१) मी पाहायला घेतली ती याच ओढीने.

आपल्याकडे फॅशनचे जग मालिकेत आले की ते बहुधा नेपथ्यापुरतेच असते. २००३ साली सोनीवर सुरू झालेल्या ‘जस्सी जैसी कोई नहीं’मधले ‘गुलमोहर’ हे फॅशन हाउस आठवून पाहावे: तिथे दिसण्यावरून माणसाची किंमत ठरते, हे ठसवायला ती जागा फार उपयोगी पडली, पण कपडा कसा तयार होतो हे पाहण्याची गरज त्या कथेला नव्हती. ‘हॅल्स्टन’ची गोष्ट मात्र त्या व्यवसायाच्या बाहेर घडूच शकत नाही, आणि हेच तिचे मोठे बळ आहे.

पहिला भाग टोपीपासून सुरू होतो, आणि ते योग्यच आहे. १९६१मध्ये जॉन केनेडी यांच्या शपथविधीला जॅकलीन केनेडी यांनी घातलेली डबीच्या आकाराची टोपी हॅल्स्टन यांची होती, आणि त्या एका टोपीने त्यांना देशभर ओळख मिळाली. पुढे स्त्रिया टोप्या घालायच्याच थांबल्या, तेव्हा या माणसाला कपड्यांकडे वळावे लागले. अल्ट्रास्वेड या धुता येणाऱ्या, सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाचा १९७२चा शर्टवजा पोशाख, गायिका-अभिनेत्री लायझा मिनेलीशी जमलेली मैत्री, मॉडेल आणि दागिन्यांची डिझायनर एल्सा पेरेट्टीची साथ, हे सारे मालिका भराभर आणि रंगतीने सांगते. हॅल्स्टनची भूमिका करण्यासाठी इवान मॅक्ग्रेगर यांनी शिवणकामाचे धडे घेतले होते, आणि ते पडद्यावर कळते. त्यांची बोटे कापडाला ज्या खात्रीने हात घालतात, ती खात्री नुसत्या अभिनयाने येत नाही. त्यांना या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला, तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.

दुसऱ्या भागातील व्हर्सायचा प्रसंग मात्र मला अपुरा वाटला. २८ नोव्हेंबर १९७३ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनरांचे कपडे एकाच रंगमंचावर आले, आणि अमेरिकनांची सरशी झाली. त्या सरशीत पाच अमेरिकनांपैकी एक असलेल्या स्टीफन बरोज यांच्या रंगीबेरंगी कपड्यांचा आणि पॅट क्लीव्हलँड, बेथॅन हार्डिसन यांच्यासारख्या कृष्णवर्णी मॉडेलांच्या चालण्याचा वाटा फार मोठा होता. मालिकेला एकाच नायकाकडे पाहायचे असल्यामुळे बाकीचे चौघे अमेरिकन जवळजवळ पार्श्वभूमीलाच राहतात. नाट्याच्या सोयीसाठी केलेली ही काटछाट मला खटकली, कारण त्या रात्रीची गंमत सगळे मिळून जिंकण्यात होती.

मालिकेचा खरा गाभा आहे तो नावाच्या विक्रीत. १९७३मध्ये हॅल्स्टन यांनी आपला व्यवसाय नॉर्टन सायमन या कंपनीला विकला, आणि व्यवसायाबरोबर स्वतःचे नावही विकले. त्या वेळी तो सौदा वैभवाचा होता. अत्तर आले, सामानाच्या बॅगांपासून गालिच्यांपर्यंत नाव लागत गेले, १९८३मध्ये जे. सी. पेनी या सर्वसामान्यांच्या दुकानसाखळीसाठी स्वस्त कपडे आले, आणि त्याबरोबर बर्गडॉर्फ गुडमन या उच्चभ्रू दुकानाने त्यांचे कपडे ठेवणे बंद केले. पुढे कंपन्यांचे मालक बदलत गेले आणि स्वतःच्या नावाने काही शिवण्याचा हक्कही त्या माणसाकडे उरला नाही. करारावर सही करतानाचा पडद्यावरचा हॅल्स्टन आणि पुढे आपल्याच कार्यालयात परका झालेला हॅल्स्टन, या दोन टोकांमधले अंतर मॅक्ग्रेगर हळूहळू कापतात, आणि ते पाहताना जीव कासावीस होतो.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे. चौथ्या भागाचा बराचसा वेळ स्टुडिओ ५४ या नाचघरात, अमली पदार्थांत आणि विध्वंसक प्रेमसंबंधात जातो, आणि तेवढा वेळ कार्यशाळा रिकामी राहते. ज्यांनी प्रत्यक्ष टाके घातले त्या कारागीर स्त्रियांपैकी एकीचाही चेहरा माझ्या लक्षात राहिला नाही. हॅल्स्टन यांच्या कुटुंबीयांनीही मालिका प्रदर्शित होण्यापूर्वी आपल्याला विचारले गेले नसल्याचे सांगून ती वस्तुस्थितीला धरून नसल्याचे म्हटले होते. तेव्हा ती चरित्र म्हणून नव्हे, तर नाट्य म्हणूनच पाहावी. तिसऱ्या भागात व्हेरा फार्मिगा यांनी साकारलेली अत्तरकार स्त्री नायकाला वासांमधून त्याच्या आठवणींकडे नेते, तो प्रसंग मात्र अतिशय हळुवार उतरला आहे.

जेरियाना सान हुआन यांच्या वेशभूषेसाठी मालिका मोठ्या पडद्यावर पाहावी, मोबाइलवर पाहू नये. जर्सी आणि शिफॉन ही मऊ कापडे अंगावरून कसे ओघळतात हे लहान पडद्यावर दिसत नाही. दृश्ये आणि भाषा निव्वळ प्रौढांसाठी आहेत, घरात मुले असतील तर त्यांच्यासमोर लावू नये. आणि पाचही भागांना वेळ नसेल, तर पहिल्यानंतर सरळ पाचवा भाग पाहावा, कारण नाव गमावलेला तो माणूस तिथे आधुनिक नृत्याच्या नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांच्या नर्तकांसाठी पुन्हा कापड हातात घेतो.