माझाच जुना शाफ्ट मला नवा म्हणून विकला

हैदराबाद रस्त्याला नळदुर्ग सोडलं आणि जळकोटच्या अलीकडे गाडीखालून असा आवाज आला की मागे बसलेली मुलगी किंचाळली. वेग ऐंशीचा असेल. आधी एकदा टण्ण, मग घणानं पत्रा ठोकावा तसा धडधडाट. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, कशीबशी गाडी डाव्या कडेला घेतली. खाली वाकून पाहिलं तर मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, डिफरन्शियलकडून (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याकडून) सुटून डांबरावर टेकलेला. ब्रेकच्या पाइपपासून चार बोटांवर त्याचा घाव होता. हाच शाफ्ट पुढच्या टोकाला सुटला असता तर रस्त्यात रुतून गाडी उलथू शकली असती. बायको आणि दोन्ही मुलं गाडीत होती. सोलापुरात आणि आसपास उंच केलेल्या गाड्या आता बऱ्याच दिसतात, त्यांच्या मालकांनी हे वाचावं म्हणून सगळं सांगतो.

गाडी २०१६ची, महिंद्राची जुनी थार, मागे स्प्रिंग म्हणून लोखंडी पाटे असलेली. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ती तीन इंच उंच करून घेतली आणि एकतीस इंची टायर टाकले. दुकान शहरातलंच. दुकानदार म्हणाला, "मालक, तीन इंच उचलायची तर शाफ्ट आखूड पडतोय. नवा लांब शाफ्ट टाकावा लागंल. काळजीच सोडा की ओ." त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं. गाडी उचलली की ॲक्सल गिअरबॉक्सपासून खाली जातो, शाफ्टला जास्त अंतर गाठावं लागतं आणि मधला स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणारा सरकता सांधा, बाहेर ओढला जातो. म्हणून मी विश्वास ठेवला. किट आणि मजुरीचे ४२,००० आणि शाफ्टचे वेगळे १९,५०० दिले. पावती मागितली तर "जीएसटी लागेल, कशाला उगाच" म्हणाला आणि मी ऐकलं. जुना शाफ्ट परत मागितला तर तो भंगारात गेल्याचं सांगितलं.

शहरात काही जाणवलं नाही. सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत गाडी पन्नासच्या वर जातेच कुठं? मित्रांबरोबर ओढ्याच्या पात्रात, खडकावर नेली, तिथंही ठीक. पहिल्यांदा पुण्याला निघालो तेव्हा मोहोळच्या पुढे पंच्याहत्तरला सीटखालून गुणगुण सुरू झाली. स्टिअरिंग शांत, पण पायाखालचा पत्रा आणि सीट थरथरत होती. गिअर बदलला, इंजिनाचे फेरे कमीजास्त झाले, तरी थरथर तशीच. वेग साठवर आणला की गायब.

दुकानात गेलो. "टायर मोठे आहेत, बॅलन्सिंग करू." केलं. थरथर गेली नाही. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा पैसे. तिसऱ्यांदा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा कोनात फिरणारा सांधा, बदलला, २,८०० घेतले. महिनाभर बरं वाटलं, मग गिअर टाकताना खालून टक्क असा आवाज यायला लागला. चौथ्यांदा तो म्हणाला, "उंच गाडीला एवढं असतंयच." त्या वाक्यावर मी गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं. उंच गाडीला एवढं नसतं.

नळदुर्गहून एक वयस्कर मिस्त्री आले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्य ट्रकखाली गेलेला माणूस. त्यांनी शाफ्ट सोडवून बाहेर काढला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि मला जवळ बोलावलं. काळ्या रंगाखाली नळीच्या मधोमध वेल्डिंगचा वळसा होता. शाफ्ट कापून मधे पाइपचा तुकडा जोडला होता. मग त्यांनी तो जमिनीवर ठेवून दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दोन बोटांचे चिमटे, दाखवले. ते एका रेषेत असायला हवेत, इथं बोटभर फिरलेले होते. जोडताना कुणी खूणही केली नव्हती. बॅलन्सिंगसाठी नळीवर पत्र्याच्या छोट्या पट्ट्या वेल्ड करतात, त्यातली एकच होती, तीही जुन्या भागावर. रंग आणखी खरवडल्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिसला. तो मी ओळखला. चार वर्षांपूर्वी माझ्या नेहमीच्या मिस्त्रीनं क्रॉस बदलताना माझ्यासमोर लावलेला. म्हणजे १९,५०० रुपयांना मला माझाच शाफ्ट विकला होता.

हे मधे घडतं काय, ते चाचांनी हातानं फिरवून दाखवलं. क्रॉस वाकड्या कोनात फिरला की अलीकडचं टोक एकसारखं फिरत असलं तरी पलीकडचं टोक प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतं आणि दोनदा मागे राहतं. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तर तो ही ओढाताण फेडतो. योक फिरलेले असले की फिटत नाही, सगळा मार क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया आणि कप खातात. ऐंशीच्या वेगात माझा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फिरतो, म्हणजे मिनिटाला चार हजार झटके, तासन् तास. ओढ्यात वीसच्या वेगानं तो हळू फिरतो, म्हणून खडकावर टिकलेला शाफ्ट हायवेवर तुटतो. मित्रांच्या गाड्याही अशाच आहेत, त्यांना काही होत नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. त्या गाड्या लांब जातच नाहीत.

चाचांनी शाफ्ट काढूनच ठेवला, गाडी फोर-हायमध्ये (पुढच्या चाकांनाही ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) टाकून पुढच्या चाकांवर हळूहळू सोलापूरला आणायला सांगितलं. चाळीसनं आलो. दुसऱ्या दिवशी ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करणाऱ्याकडे गेलो. त्यानं जोडणी पुन्हा मांडून कोन मोजले: गिअरबॉक्सकडे दहा अंश, डिफरन्शियलकडे सहा. हायवेवर धावणाऱ्या शाफ्टला प्रत्येक क्रॉसवर तीन अंशांच्या आतला कोन चांगला मानतात आणि दोन टोकांतला फरक एका अंशापेक्षा जास्त नको. प्रामाणिक दुकानदारानं पाटे आणि ॲक्सल यांच्या मधे पाचर घालून दोन्ही टोकं जुळवली असती, खरोखर नवा शाफ्ट बनवून मशिनवर बॅलन्स केला असता, आणि तीन इंचांऐवजी दीडच इंच उचला असं सांगितलं असतं.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "करा की तक्रार. गाडी आरटीओत गेली तर चलन आधी तुमचंच फाटतंय." त्याचं सगळं धाडस याच वाक्यावर उभं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या रचनेत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गिऱ्हाईक या भीतीनं गप्प बसतं, हे त्याला पक्कं माहीत आहे. विम्याच्या दाव्याची भीती वेगळीच.

मी आधी सगळ्या जोडणीचे, मोजमापाचे आणि शाफ्टचे फोटो काढले, बॅलन्सिंगवाल्याकडून लिहून सही घेतली. मग गाडी मूळ उंचीवर आणली, मूळ मापाचे टायर आणि नवा शाफ्ट टाकला, पावती घेऊन. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं. पावती नसताना माझ्या हातात दोनच गोष्टी होत्या: शाफ्टचे पैसे मी फोनवरून पाठवले होते, आणि व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज होता, "नवीन शाफ्ट १९,५००". वकिलांनी या दोन ओळींवरच अर्ज उभा केला.

नोटीस गेल्यावर त्याचा माणूस घरी आला. निम्मे पैसे घ्या, शाफ्ट तेवढा परत द्या, म्हणाला. पैशापेक्षा शाफ्टच त्याला हवा होता. मी दिला नाही. गोडाऊनमध्ये टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे तो पोत्यात गुंडाळून ठेवलाय, वेल्डिंगचा वळसा आणि पिवळा ठिपका जसाच्या तसा. त्याच दुकानातून गाडी उंच केलेल्या दोघांनी येऊन तो पाहिला. एकानं तिथूनच बाहेर जाऊन आपल्या गाडीखाली वाकून नखानं रंग खरवडला, आणि खाली वेल्डिंग निघालं.