फायबर घेतल्यावर थंडरबर्ड का अडला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत आमची बेदाण्याची पेढी आहे. गेल्या जुलैत तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड बंद करून फायबर घेतलं. आज आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यातच लिहायला बसले असते तर सगळा राग नव्या कंपनीवर निघाला असता आणि त्यांच्यावर अन्याय झाला असता. म्हणून थांबले.

आधी आमची व्यवस्था सांगते. पेढीच्या नावाचं डोमेन आहे, मेल होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरवर असतात आणि पेढीतल्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम आहे. ब्राउझरमध्येच मेल का बघत नाही, असं बरेच जण विचारतात. २०१२ पासूनचा सगळा पत्रव्यवहार थंडरबर्डच्या लोकल फोल्डरमध्ये आहे. कुठल्या खरेदीदाराला हिरवा माल दिला, कुणाला पिवळा, भाव काय ठरला होता, हे सौदा चालू असताना नेट नसलं तरी दोन मिनिटांत सापडतं. आमच्या धंद्यात याचं मोल फार आहे.

फायबर लागलं त्याच दिवशी संध्याकाळी न्हावाशेव्याच्या कस्टम एजंटकडून बीएलचा, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मालाच्या पावतीचा (बिल ऑफ लेडिंग), ड्राफ्ट आला. खरेदीदाराच्या पत्त्यात चूक होती आणि दुरुस्ती कट-ऑफच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या, आत कळवायची होती. उत्तर लिहून सेंड दाबलं. पट्टी सरकत राहिली, मिनिटभराने संदेश आला की सर्व्हरकडून वेळेत प्रतिसाद नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. येणारे मेल मात्र धडाधड येत होते.

दिवाणजी म्हणाले, "ताई, पासवर्डचा घोळ असेल." मी घाईघाईत पासवर्ड बदलला. ही माझी मोठी चूक झाली. पासवर्ड चुकीचा असेल तर सर्व्हर लगेच नकार देतो आणि तसं स्पष्ट सांगतो. इथे दारच उघडत नव्हतं, मग किल्ली बदलून काय होणार? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहिलं, तिथूनही मेल जाईना. त्यामुळे कॉम्प्युटरच बिघडला असं वाटून आणखी दोन तास गेले. शेवटी ब्राउझरमधून वेबमेल उघडलं आणि तिथून दुरुस्ती गेली, कट-ऑफला वीस मिनिटं उरली असताना.

नव्या कंपनीच्या हेल्पलाइनने सांगितलं की लाइन उत्तम आहे. होस्टिंगवाल्यांनी सांगितलं की सर्व्हर उत्तम आहे. दोघंही खरं बोलत होते. दुसऱ्या दिवशी थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंगमध्ये जाणाऱ्या मेलचा सर्व्हर उघडला. तिथे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, २५ होता आणि सुरक्षेच्या रकान्यात 'काही नाही'. २०१२ साली कुणीतरी बसवून दिलेलं, तेव्हापासून कुणी पाहिलंच नव्हतं.

पोर्ट २५ हा एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला मेल देण्यासाठी आहे. व्हायरस लागलेले घरगुती कॉम्प्युटर त्याच वाटेने स्पॅम ओततात, म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी तो बंदच ठेवतात. आमच्या जुन्या लाइनवर तो उघडा होता. नव्या लाइनवर बंद आणि त्या मोबाइल नेटवरही बंद, म्हणून हॉटस्पॉटने फसवलं. आपल्यासारख्यांनी मेल पाठवण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट १९९८ मध्येच ठरला आहे. शिवाय ४६५ आहे, त्यावर पहिल्या क्षणापासून संवाद एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारा, असतो आणि २०१८ पासून तोच सुचवला जातो. मी ४६५ टाकला, सुरक्षेत एसएसएल-टीएलएस हा एन्क्रिप्शनचा पर्याय निवडला. मग सर्टिफिकेटचा इशारा आला, कारण आमच्या डोमेनचं नाव सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे त्याच्या ओळखपत्रावर, नव्हतं. होस्टिंगवाल्यांनी कळवलेलं सर्व्हरचं मूळ नाव घातल्यावर तोही गेला. अडकलेले नऊ मेल एका दमात गेले.

त्या दिवशी आनंदापेक्षा हळहळ जास्त वाटली. मेल पाठवताना आमचा पासवर्ड इतकी वर्षं उघडाच जात होता. मेल जातायत ना, एवढंच आम्ही बघत होतो.

चार दिवसांनी दुसरं दुखणं सुरू झालं. मध्येच येणं-जाणं दोन्ही ठप्प. वेबमेलही उघडेना, बाकी सगळ्या साइट मात्र सुरळीत. तासाभराने आपोआप चालू, पुन्हा बंद. या वेळी हॉटस्पॉटवर लावलं की लगेच चालायचं. म्हणजे सर्व्हर आमच्याच लाइनला आत घेत नव्हता. होस्टिंगवाल्यांच्या माणसाने लॉग बघून सांगितलं, "मॅडम, तुमच्या आयपीवरून सारखा चुकीचा पासवर्ड येतोय, फायरवॉल ब्लॉक करतंय." आयपी म्हणजे नेटवरचा आपल्या लाइनचा पत्ता आणि फायरवॉल म्हणजे सर्व्हरचा पहारेकरी.

शोधत गेले तर मागच्या खोलीत लेबल छापायचा लॅपटॉप. त्यातही हेच मेल अकाउंट होतं, जुन्या पासवर्डसकट, आणि तो दर दहा मिनिटांनी सर्व्हरचं दार ठोठावत होता. पहिल्या दिवशी मी विनाकारण बदललेल्या पासवर्डचं हे फळ. जुन्या लाइनवर हे झालं असतं तर कळलंही नसतं, कारण तिला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी होता आणि होस्टिंगवाल्यांनी तो कधीकाळी ब्लॉक न करायच्या सुरक्षित यादीत घालून ठेवला होता. उघडा पोर्ट आणि ही यादी, या दोन गोष्टींनी आमच्या चुका इतकी वर्षं झाकल्या होत्या.

मग नवा आयपी यादीत घाला म्हटलं. तर राउटरमध्ये दिसणारा आयपी १०० ने सुरू होणारा, आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. राउटरवर असा पत्ता दिसला की समजायचं, बाहेर जाताना आपण इतर ग्राहकांबरोबर एकच आयपी वाटून घेतोय. तो यादीत घालायचा म्हणजे अनोळखी लोकांनाही सवलत द्यायची. उलट त्यांच्यापैकी कुणी त्याच सर्व्हरवर चुकीचे पासवर्ड मारत बसला तर दार आमचंही बंद. लॅपटॉपमधलं अकाउंट काढून टाकलं आणि पुढच्या महिन्यात जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला. त्यानंतर ब्लॉक एकदाही झालेलं नाही.

तिसरा दोष लहान होता, पण ओळखायला अवघड. साधे मेल जायचे, नमुन्याचे फोटो जोडलेले मेल मध्येच अडकायचे. वेबमेलमधूनही तेच, म्हणून थंडरबर्डला दोष नव्हता. पिंगमध्ये, म्हणजे लाइन तपासायच्या आज्ञेत, डेटाचं पाकीट न तोडण्याची अट घालून पाहिलं, १४७२ बाइट जाईनात, १४६४ गेले. त्यात हेडरचे २८ मिळवले की १४९२ होतात, आणि पीपीपीओई, म्हणजे राउटरने लॉगिन करून चालणाऱ्या, जोडणीत एका पाकिटात सहसा तेवढंच मावतं. आमचा राउटर जुनाच, स्वतःचा होता आणि त्यात एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, १५०० राहिला होता. १४९२ केला, फोटो जाऊ लागले.

आता नेटबद्दल. वेग जाहिरातीइतका मिळतो. पावसाळ्यात जुन्या तारेची रोज खरखर असायची, ती पूर्ण गेली. रस्ता खोदताना दोनदा केबल तुटली, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी जोडून दिली. लाइनमन मनापासून काम करणारे आहेत. हेल्पलाइनवर मात्र वेग मोजण्यापलीकडे उत्तर मिळत नाही. पोर्ट २५ बंद असतो हे जोडणी देतानाच एका वाक्यात सांगितलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. बंद ठेवणं योग्यच आहे, तक्रार न सांगण्याची आहे.

कुणी थंडरबर्डसारखा मेल क्लायंट वापरत असेल आणि लाइन बदलणार असेल तर जुनी लाइन चालू असतानाच जाणाऱ्या मेलचा पोर्ट बघून घ्या. ते अकाउंट कुठकुठल्या यंत्रात आहे, तेही लिहून काढा. आमच्याकडे लॅपटॉप धरून पाच निघाली, त्यातला एक फोन कोल्ड स्टोरेजमध्ये होता आणि त्यातही जुनाच पासवर्ड होता. तो तिथल्या नेटवर असल्याने पेढीत त्याचा त्रास झाला नाही, पण तिथल्या लाइनचं दार तोही बंद करू शकला असता. आणि होस्टिंगवाल्यांच्या यादीतून आपला जुना आयपी काढायला सांगा, तो आता दुसऱ्या कुणाला मिळालेला असू शकतो. आम्ही हे पाचव्या महिन्यात केलं, खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

जुलैत वर्ष भरेल. लाइन हीच ठेवणार आहे, स्टॅटिक आयपीसकट.